रकाना सरकला आणि भाव पडला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्राचं कारण बाजारभाव. म्हणजे कांदा पडला म्हणून रडगाणं नाही, तसली पत्रं तुमच्याकडे पोत्यानं येत असतील. माझं दुखणं जरा वेगळंय. त्या दिवशी भाव बाजारात पडलाच नव्हता, तो कागदावर पडला आणि तोही एका रिकाम्या चौकटीपायी.

झालं असं की मागच्या आठवड्यात सकाळी साडेसातला निफाडकडून माझ्या धाकट्या भावाचा फोन, मी डबे भरत होते, म्हटलं इतक्या सकाळी काय झालं असेल. तर म्हणे, "ताई, मोबाईलवर पेपर उघड जरा, आपल्या इथली आवक सहाशे दाखवतेत न् जास्तीत जास्त भाव साडेतेराशे, काल मी स्वतः उभा होतो गं लिलावात, सतराशेनं गेला एक ट्रॅक्टर." मी म्हटलं अरे छापणाऱ्याची चूक असेल, तर तो म्हणाला, "चूक असंल पण गावातल्या दोघातिघांनी त्या साडेतेराशेवर आजचा माल थांबवला की."

मग मी हात पुसून मोबाईलवर तुमच्या पेपरचं पान उघडलं. पाच रकाने: बाजार समितीचं नाव, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. बाकीच्या सगळ्या ओळी ठीक, आणि या एका ओळीत आवक ६००, किमान १७००, कमाल १३५०, सर्वसाधारणच्या खाली काहीच नाही. (बाजार समितीचं नाव मुद्दाम लिहित नाही आणि आकडेही समजायला सोपे असे गोल करून घेतलेत.) आता किमान भाव कमालपेक्षा जास्त, हे कुठल्या जगात होतं का सांगा. आणि सहाशे क्विंटल म्हणजे वीसपंचवीस ट्रॅक्टर फक्त, ऐन उन्हाळ कांद्याच्या दिवसात एवढ्या मोठ्या बाजारात, छे. मला एका नजरेत कळलं काय झालंय ते. कारण हीच चूक मी स्वतः करून बसलेय आणि चारशे कॉप्या छापून बसलेय.

माझी ओळख सांगते. नाशिकला सीबीएसच्या, म्हणजे एसटीच्या सेंट्रल बसस्टँडच्या बाजूला, कोर्टात येणारे जाणारे जिथून जातात त्या गल्लीत माझं टायपिंग, डीटीपी, झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, पंचवीस वर्षं होत आली. प्रतिज्ञापत्रं, बायोडाटा, सोसायट्यांच्या नोटिसा, वार्षिक अहवाल, लग्नाच्या याद्या, काय वाट्टेल ते. त्यातलं निम्मं काम हल्ली एकच असतं, कुणीतरी टेबलात भरून दिलेलं टेबलातून बाहेर काढणं. कारण व्हॉट्सॲपवर टेबल जात नाही, मेसेजमध्ये जात नाही, कितीतरी ऑनलाइन फॉर्मच्या खिडकीत पेस्ट केलं तर सगळा चिवडा होतो, आणि तुमच्यासारख्यांच्या वेबपानावर गेलं तर मोबाईलवर उजवीकडचे दोन रकाने कापले जातात. म्हणून टेबलाचं साधं टेक्स्ट करायचं. बटण एकच आहे पण ते बटण दाबायच्या आधी आणि नंतर काय करायचं ते कुणी सांगत नाही.

आता तुमच्या ऑफिसात काय झालं असेल ते सांगते. मी तिथे नव्हते, पण अशी सरकलेली ओळ बघितली की माझ्या डोळ्यासमोर तो हातच येतो. बाजाराकडून माहिती टेबलात आली असणार. त्यात त्या एका समितीची आवक वेळेत कळली नाही म्हणून चौकट रिकामी. तुमच्या माणसानं टेबल सिलेक्ट करून टेक्स्ट केलं, मधे टॅब घातले. इथपर्यंत काही बिघडलं नाही, उलट टॅब प्रामाणिक असतो, चौकट रिकामी असली तरी तो आपली जागा धरून ठेवतो, म्हणजे नावानंतर दोन टॅब लागोपाठ येतात. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबलं की ही लपलेली चिन्हं दिसतात, टॅबच्या जागी छोटा बाण येतो. ती ओळ तेव्हा अशी दिसली असणार:

बाजाराचं नाव → → ६०० → १७०० → १३५०

दोन बाण शेजारी शेजारी, मधे काही नाही, तीच ती रिकामी चौकट. पण चिन्हं बंद असली की माणसाला काय दिसतं, तर एका ओळीत मधे मोठ्ठी फट. दिसायला घाण. मग तो फाइंड रिप्लेस उघडतो, दोन टॅब शोध आणि एक कर, रिप्लेस ऑल. झालं. सगळं कसं नीटनेटकं. आणि सहाशे जो किमान भाव होता तो आवक होऊन बसला, सतराशे कमाल होता तो किमान झाला, साडेतेराशे सर्वसाधारण होता तो कमाल झाला आणि शेवटचा रकाना पोरका. त्या माणसानं एकही आकडा खोटा लिहिला नाही बरं का, आकडे सगळे खरे, फक्त प्रत्येकजण शेजारच्याच्या घरात जाऊन बसला.

माझं प्रकरण याहून भारी. चौदापंधरा वर्षं झाली असतील, एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे होता, सभासदांचं नाव, शेअर्स, येणे बाकी, लाभांश असे रकाने. मी पण असंच टेबल काढून टॅब घातले आणि असंच रिप्लेस ऑल, कारण ज्यांची बाकी नव्हती त्यांच्या ओळीत फटी पडल्या होत्या आणि मला त्या सहन होईनात, मी जरा टापटिपीची आहे ना. सभेत एक आजोबा उठले आणि म्हणाले मी आयुष्यात कर्ज काढलं नाही आणि तुम्ही माझ्या नावावर बाकी छापली. त्यांचा लाभांश बाकीच्या रकान्यात गेला होता. चारशे प्रती माझ्या खर्चानं परत छापून दिल्या. पैशाचं जाऊ दे, पण ते आजोबा त्यानंतर दुकानावरून जाताना माझ्याकडे बघायचे तसं बघणं देव कुणाला न दाखवो.

आणि गंमत म्हणजे मला हे शिकवलं होतं! मी मराठी टायपिंगची ३० ची, म्हणजे मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिली ती टाइपरायटरच्या मशीनवर, खडखडाट करत. त्या परीक्षेला लेटर असायचं, स्पीड असायचा आणि स्टेटमेंट असायचं, स्टेटमेंट म्हणजे तक्ता, आणि सगळ्यात जास्त पोरी त्यातच घाबरायच्या. प्रत्येक रकान्यातली सगळ्यात लांब नोंद मोजायची, अक्षरं मोजायची, कागदाच्या रुंदीतून वजा करायची, उरलेली जागा वाटून द्यायची आणि मग मशीनवर त्या त्या ठिकाणी टॅबचे खिळे लावायचे की बटण दाबलं की कॅरेज सटकन तिथे जाऊन थांबलं पाहिजे. टॅब हा शब्दच तिथला, टॅब्युलेटर, म्हणजे तक्ता बनवायचं बटण. आज ज्यांच्या कीबोर्डवर ते बटण डाव्या हाताला आहे त्यातल्या कितीजणांना माहितीय की ते तक्त्यासाठीच जन्माला आलं. तर आमच्या इन्स्टिट्यूटच्या बाई स्टेटमेंट तपासताना एकच गोष्ट आधी बघायच्या, एकही रकाना रिकामा सोडलाय का. सोडला असला की लाल गोल. "निरंक लिही. आकडा नसेल तर निरंक लिही, माहिती आली नसेल तर अप्राप्त लिही, प्रश्नच लागू नसेल तर लागू नाही लिही. कोरा रकाना म्हणजे तू विसरलीस का तिकडे काही नाहीये हे साहेबाला कळणार कसं."

तेव्हा वाटायचं बाई खडूस आहेत. आता वाटतं त्या कॉम्प्युटर यायच्या आधीच कॉम्प्युटरचं दुखणं सांगत होत्या.

हा फरक बारीक आहे पण कांद्याच्या बाबतीत लाखमोलाचा आहे. आवक निरंक म्हणजे त्या दिवशी माल आलाच नाही. आवक अप्राप्त म्हणजे माल आला, लिलाव झाला, भाव निघाले, फक्त किती आला तो आकडा आपल्यापर्यंत पोचला नाही. त्या दिवशीच्या तुमच्या ओळीत भाव तीनही होते, म्हणजे आवक निरंक असूच शकत नाही, ती अप्राप्त होती. कोऱ्या चौकटीला यातलं काही बोलता येत नाही. म्हणून मी दुकानात पोरींना सांगते की रिकाम्या चौकटींत आपल्या मनानं निरंक भरू नका, ते ज्याचा कागद आहे त्यानं ठरवायचं, आपण आधी फक्त आडवी रेघ टाकायची आणि फोन करून विचारायचं.

रेघ टाकायची कशी, तर टेबल टेक्स्ट झाल्यावर फाइंडमध्ये दोन टॅब आणि रिप्लेसमध्ये टॅब, रेघ, टॅब. वर्डमध्ये टॅबसाठी शिफ्ट दाबून ६ वरची ती टोपी काढायची आणि पुढे इंग्रजी टी, पॅराग्राफसाठी, म्हणजे एंटरच्या खुणेसाठी, टोपी आणि पी. आणि हे रिप्लेस ऑल दोनदा करायचं हं, एकदा करून भागत नाही, कारण लागोपाठ दोन चौकटी रिकाम्या असल्या तर तीन टॅब ओळीने असतात, पहिल्या फेरीत पहिली जोडी सापडते आणि तिसरा टॅब एकटा सुटतो, दुसऱ्या फेरीत तो सापडतो. शेवटची चौकट रिकामी असली तर टॅब आणि लगेच पॅराग्राफ शोधायचा. पहिलीच रिकामी असली तर पॅराग्राफ आणि लगेच टॅब. माहिती एक्सेलमध्ये असेल तर आणखी सोपं, पूर्ण भाग सिलेक्ट करून एफ ५ दाबायचं, स्पेशलमध्ये जाऊन ब्लँक्स निवडायचं, सगळ्या रिकाम्या चौकटी एकदम उजळतात, रेघ टाईप करून कंट्रोल एंटर, एका फटक्यात सगळीकडे.

आता ते मूळ बटण कुठेय हे पण सांगून टाकते कारण रोज दोन माणसं तरी विचारायला येतात. वर्डमध्ये टेबलाच्या आत क्लिक केलं की वर लेआउट नावाचे दोन टॅब दिसतात, इथेच सगळे फसतात, एक लेआउट पानाचा असतो आणि दुसरा टेबलाचा, तो टेबल डिझाइनच्या शेजारी येतो आणि फक्त टेबलात असतानाच दिसतो. त्या दुसऱ्यात पार उजव्या टोकाला कन्व्हर्ट टू टेक्स्ट. जुन्या २००३ च्या वर्डमध्ये तर टेबल नावाचा सरळ मेनूच होता, २००७ ला ती पट्टी आली आणि सगळं घर बदलल्यासारखं झालं, मला स्वतःला मीठमसाला सापडायला महिना गेला. ज्यांच्याकडे फुकटवालं लिबरऑफिस आहे त्यांना टेबल मेनूतच कन्व्हर्ट आणि टेबल टू टेक्स्ट मिळतं. गुगल डॉक्समध्ये असं बटण नाही, तिथलं टेबल उचलून गुगल शीट्समध्ये टाका आणि तिथून कॉपी करून नोटपॅडमध्ये, टॅब लावून मिळतं.

बटण दाबलं की वर्ड विचारतो की चौकटींच्या मधे काय घालू, पॅराग्राफ, टॅब, कॉमा का दुसरं काही. आणि आपली माणसं हमखास कॉमा निवडतात कारण कॉमा ओळखीचा वाटतो. अहो पण आपण आकडे लिहितो कसे? १,२५,००० असे. त्यात आधीच दोन कॉमा. म्हणजे सव्वा लाख रुपयांचे तीन रकाने होतात, एक, पंचवीस आणि शून्य शून्य शून्य. पत्त्याचं तर विचारूच नका, फ्लॅट नंबर कॉमा बिल्डिंग कॉमा इंदिरानगर कॉमा नाशिक, एका पत्त्याचे चार तुकडे. टॅब घ्या नाहीतर अदरमध्ये ती उभी दांडी (|) टाका, ती मराठी मजकुरात सहसा येत नाही.

अजून दोन खड्डे. एक, चौकटीत कुणी एंटर मारलेला असतो, नाव वरच्या ओळीत आणि गाव खालच्या ओळीत छान दिसावं म्हणून, टेक्स्ट केलं की ती एक नोंद दोन ओळींत फुटते. म्हणून कन्व्हर्ट करायच्या आधी टेबल सिलेक्ट करून त्यातले पॅराग्राफ शोधून त्याजागी स्पेस टाकायची, चौकटीचा शेवट त्यानं तुटत नाही, भिऊ नका. दुसरा खड्डा मर्ज, म्हणजे शेजारच्या चौकटी जोडून एक करणं. तालुक्याचं नाव उभं मर्ज करून निफाड एकदाच लिहितात आणि शेजारी चार बाजार, दिसतं झकास, पण टेक्स्ट केल्यावर निफाड फक्त पहिल्या ओळीला, खालच्या तिघांना आईबाप नाही. आणि आडवं मर्ज केलं असेल, "लिलाव बंद" असं चार रकान्यांवर मोठ्या अक्षरात, तर त्या ओळीत टॅबच कमी पडतात. असं टेबल आलं की मी आधी स्प्लिट करून घेते, प्रत्येक चौकटीत ज्याचं त्याचं नाव भरते, मगच बटण.

आणि सगळ्यात शेवटी उलट फिरवून बघायचं, ही माझी स्वतःची सवय, त्या चारशे कॉप्यांनी लावलेली. झालेलं टेक्स्ट सिलेक्ट करून इन्सर्ट, टेबल, कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल असं केलं की तो आधी विचारतो किती रकाने. आपण पाच रकान्यांचं टेबल उकललं असेल आणि तो सहा दाखवत असेल तर कुठेतरी एक टॅब जास्त आहे. पाच दाखवले तरी गाफील राहायचं नाही, टेबल परत उभं करून डोळ्यांनी शेवटचा रकाना बघायचा, कारण टॅब खाल्लेली ओळ तिथेच उघडी पडते, शेवटी जागा मोकळी राहते. मग कंट्रोल झेड दाबून परत टेक्स्ट. एक मिनिटाचं काम. त्या दिवशी तुमच्या माणसानं हे एक मिनिट दिलं असतं तर माझ्या भावाचा फोन आला नसता.

पण एक सांगते, सगळी टेबलं मोडून टाका असं माझं म्हणणं नाही. माझ्याकडे एक गिऱ्हाईक येतात, दिसत नाही त्यांना, एका संस्थेत हिशेबाचं काम करतात आणि कॉम्प्युटर वाचून दाखवणारं एनव्हीडीए वापरतात, ते फुकट मिळतं, २००६ पासून आहे. मी एकदा मोठ्या उत्साहानं त्यांचा सगळा तक्ता टेक्स्ट करून दिला, वाटलं यांना सोपं जाईल. ते हसले. म्हणाले, मॅडम तुम्ही माझा रस्ताच काढून टाकलात. नीट टेबल असलं की ते कंट्रोल आल्ट आणि बाण दाबत चौकटीचौकटीनं फिरतात, मशीन त्यांना कुठली ओळ कुठला रकाना सांगत जातं, टेक्स्ट झालं की नुसता आकड्यांचा पाऊस. त्यांना त्रास होतो तो खोट्या टेबलांचा, म्हणजे बायोडाटा टेबलात, नोटीस टेबलात, सहीची जागा टेबलात, नुसती रेघ न दिसणारी चौकट आखून मजकूर डावीउजवीकडे बसवायला केलेलं टेबल, त्यात ते मशीन रिकामं रिकामं रिकामं म्हणत बसतं. तर अशी टेबलं मोडा आणि आकड्यांची टेबलं ठेवा, आणि जिथे टेबल पोचत नाही तिथेच टेक्स्ट करा.

आणि मोबाईलवर ते पोचत नाही. तिथे टॅबही कामाचा नाही, व्हॉट्सॲपवर टॅब टाकून पाठवलेले रकाने समोरच्याच्या फोनवर वाकडेतिकडे होतात कारण आपल्या अक्षरांची रुंदी सारखी नसते, "त्र्यंबक" किती जागा खातं आणि "सटाणा" किती, स्पेस मारून मारून सरळ केलं तरी दुसऱ्या फोनवर परत तिरपं. म्हणून तुम्हाला माझी एकच मागणी आहे. छापील पेपरात तक्ता ठेवा, तो शोभतो आणि वाचताही येतो. पण मोबाईलच्या पानावर आणि व्हॉट्सॲपवर जे टाकता तिथे तक्ता उकलताना प्रत्येक आकड्याला त्याच्या रकान्याचं नाव बांधून द्या. असं:

बाजाराचं नाव, उन्हाळ कांदा. आवक अप्राप्त. भाव क्विंटलला किमान ६००, कमाल १७००, सर्वसाधारण १३५० रुपये.

बस. आता यातला कुठलाही आकडा कुठेही सरकला तरी त्याचं नाव त्याच्याबरोबर जाणार. शेतात उभा असलेला माणूस उन्हात फोन धरून हे वाचू शकतो, बोट उजवीकडे सरकवून कापलेला रकाना शोधायला नको. माझा भाऊ तर म्हणाला की असं असलं तर बायको वाचून दाखवते न् मी ट्रॅक्टर चालवतो.

आणि याला हातानं टाईप करायची गरज नाही हो, नाहीतर तुमचे लोक म्हणतील कुठे एवढा वेळ. वर्डमधलं मेल मर्ज असतं ना, ज्यानं आम्ही एकाच पत्रावर तीनशे नावं टाकतो, त्यात लेटरच्या ऐवजी डिरेक्टरी निवडायचं, वरची ओळ नमुना म्हणून एकदा लिहायची, आकड्यांच्या जागी रकान्याची नावं घालायची आणि बाजारभावाचं टेबल त्याला जोडून द्यायचं, म्हणजे जितके बाजार तितक्या ओळी एकाखाली एक तयार होतात, पान बदलत नाही. टेबलाची पहिली ओळ मात्र रकान्यांच्या नावाचीच पाहिजे, आणि मर्ज केलेली चौकट एकही नको. नमुना एकदा बनवला की रोज सकाळी फक्त टेबल बदलायचं. एक्सेलवाले ॲम्परसँडनं, म्हणजे & या चिन्हानं, जोडून हेच करतात, ज्याचा हात जिथे बसलाय त्यानं तसं करावं.

एक विसरले, तुमच्याकडे जुन्या फाइली असतील तर सांभाळून. माझ्याकडे अजून लोक २००४-०५ च्या फाइली घेऊन येतात, कृतीदेव नाहीतर तसल्याच जुन्या फॉन्टातल्या. त्यात दिसायला मराठी असतं पण आत सगळी इंग्रजी अक्षरं बसलेली असतात, फॉन्टचा नुसता मुखवटा. असा तक्ता कीप टेक्स्ट ओन्ली करून पेस्ट केला की मुखवटा गळतो आणि नाशिकचं काहीतरी भलतंच होतं. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे, आता तरी कारण सांगू नये कुणी. आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग विचारलं तर यूटीएफ ८ निवडा, नाहीतर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसते, ओळीच्या ओळी नुसत्या प्रश्नचिन्हांच्या, जसं काही कॉम्प्युटरच आपल्याला विचारतोय की हे काय लिहिलंत.

त्या दिवशीच्या ओळीची दुरुस्ती तुम्ही दुसऱ्या दिवशी छापलीत, आतल्या पानावर खाली, बघितली मी, आभार. पण दुरुस्ती छापील पेपरात आली आणि चूक मोबाईलवर होती, तिथे ती ओळ परवापर्यंत तशीच होती. ज्या दोघातिघांनी माल थांबवला होता ते काही छापील पेपर घेत नाहीत, ते माझ्या भावाच्या फोनवर बघतात, तेव्हा तेवढी ती जुनी ओळही नीट करून घ्या.

आपली एक वाचक,
टायपिंगवाली,
सीबीएस परिसर, नाशिक

ता. क. पत्र लांबलंय, जागा नसेल तर माझी पतसंस्थेची फजिती कापली तरी चालेल, उलट बरंच होईल. फक्त ती कांद्याची नमुन्याची ओळ कापू नका, आणि छापताना तिचा तक्ता करू नका.